बंदूक तीच, नळी नवी

मध्यमवर्गीय माणूस वस्तू विकत घेत नाही, दत्तक घेतो. एकदा ती घरात आली की तिचं दुखलंखुपलं बघणं आलं, तिला बरं करणं आलं आणि ती पार कामातून गेली तरी "आमचीच आहे हो" असं पाहुण्यांना सांगणं आलं. आमच्याकडे एक छत्री आहे. तिचं कापड तीनदा बदललं, काड्या दोनदा, आणि मूठ एकदा लोकलच्या गर्दीत कुणाच्या तरी पिशवीबरोबर निघून गेली म्हणून नवी बसवली. तरीही मृग लागला की मी ती "वडिलांची छत्री" म्हणूनच माळ्यावरून खाली काढतो. वडिलांचं आता तिच्यात काय उरलंय, असं कोणी विचारलं तर उत्तर अवघड आहे. बहुधा गळणं.

छत्रीपुरता हा प्रश्न गमतीचा आहे. फार तर दोघं हसतील आणि तिसरा म्हणेल, नवी घ्या. पण हाच प्रश्न बंदुकीपाशी पोचला की त्यात पोलीस येतात, पूर्वज येतात आणि शेवटी काकू येतात.

आमचे एक काका बदलापूरला राहतात. स्टेशनजवळचं टॉवरांचं बदलापूर वेगळं, हे जुन्या गावातलं. नातं विचारू नका. सांगायला बसलो तर लेख संपेल आणि नातं उरेल. पूर्वी या घराची भातशेती होती. आता त्या जागी सात मजले उभे आहेत आणि त्यांच्या नावात 'ग्रीन' हा शब्द आहे. शेतीपैकी घरात राहिली ती फक्त एक रायफल, काकांच्या वडिलांची. साठच्या दशकात आजोबा ती घेऊन बारवीकडच्या रानात जात. पाड्यावर रानडुकरांनी भात तुडवला की रात्री-अपरात्री बोलावणं त्यांनाच येई. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, शिकार बंद झाली. आजोबांनी रायफल पुसली, तेल लावलं आणि कपाटात कुलपात ठेवली. पुढे आजोबा गेले, सगळे सोपस्कार होऊन परवाना काकांच्या नावावर झाला. तेव्हापासून रायफलीचा प्रवास कपाट ते पोलीस ठाणं एवढाच. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा व्हायला जाते, निकाल लागला की घरी येते. उमेदवारांपेक्षा तिने जास्त निवडणुका पाहिल्या आहेत.

शिकारी रायफल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर संस्थानिक उभे राहिले असतील. त्यांच्या रायफली लंडनहून येत. हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी अशी त्यांची घराणी. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ साली भेट मिळाली ती रिग्बीच. आमच्या आजोबांची रायफल त्या पंगतीतली नव्हे. ती सरकारी कारखान्यातली, इशापूरची, ३१५ बोअरची. बागाईतदार, मामलेदार आणि बऱ्यापैकी चालणारे डॉक्टर यांना परवडेल अशी. पण तिची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. इंग्रजांनी ठरवलं की लष्कराचं ३०३ चं काडतूस खासगी माणसाच्या हाती पडता कामा नये. मग ते जिच्यात चालणारच नाही अशी नळी हवी. त्यासाठी ऑस्ट्रियातल्या मानलिखर जातीचं आठ मिलिमीटरचं काडतूस घेतलं आणि इकडे त्याचं नाव पडलं ३१५. इशापूरने पुढे रायफल केली ती शरीर ली-एनफिल्डचं, म्हणजे ३०३ च्याच घराण्याचं ठेवून, आणि नळी ३१५ ची लावून. इंग्रजी बांधा, ऑस्ट्रियन काडतूस, बंगालचा कारखाना आणि नेम बदलापूरचा. ज्या रायफलीची नळी बदलली तर ती मूळची राहील का, असा घोळ पुढे आमच्या घरी वर्षभर चालला, ती जन्माला येतानाच नळी बदलून आलेली होती. हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुखणं नळीचंच होतं. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात आणि फिरते म्हणून ती सरळ जाते. या खाचांना दोन शत्रू. पहिला, जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला. तो जळला की मिठासारखा क्षार मागे ठेवतो, आणि तो क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो. म्हणून जुने शिकारी घरी आले की आधी नळीत कढत पाणी ओतत आणि मग स्वतःच्या घशात चहा. आजोबांचा हा क्रम कधी चुकला नाही. दुसरा शत्रू म्हणजे भक्ती. आजोबांच्या माघारी दर दसऱ्याला रायफलीची शस्त्रपूजा होई. हळद, कुंकू, अक्षता, आणि नळीच्या तोंडात पाणी शिंपडलेलं झेंडूचं टपोरं फूल. ते फूल दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तिथेच. गोळ्यांनी जे झालं नाही ते झेंडूने केलं. परवानाधारक कारागिराने नळीत दिवा धरून पाहिलं आणि म्हणाला, "यात खाचा राहिल्या नाहीत, नुसते खड्डे आहेत."

काका म्हणाले, "म्हणजे आमचा रस्ता."

नवी नळी बसवायची तर खर्च होता. या रायफलीला बाजारात फार मोल नाही. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी भीत भीत म्हटलं, "काका, पण उपयोग काय? शिकार बंद. शेती गेली. शेत असतं आणि डुक्कर आलं असतं तरी आधी वनखात्याची परवानगी."

"उपयोगासाठी वडिलांची वस्तू ठेवतात का रे? मग तुझी ती छत्री?"

मी गप्प बसलो. पण काकांना स्वतःलाच शंका होती. नळी म्हणजे अर्धी रायफल. ती गेली तर उरलेली बाबांची म्हणायची का? काका पेन्शनर असल्यामुळे प्रश्नाला हवा तेवढा वेळ मिळाला.

वाचकहो, हा प्रश्न काकांनी काढलेला नाही. ग्रीकांनी थिसियस राजाचं जहाज जपून ठेवलं होतं म्हणतात. फळी कुजली की नवी बसवायची. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का, यावर अथेन्सचे विद्वान भांडत. सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात आणखी एक काडी टाकली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचं दुसरं जहाज बांधलं तर? आपल्याकडे नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला त्याच्या रथावरून गाठलं होतं. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही, नाही, असं म्हणता म्हणता राजाचा रथच नाहीसा झाला. राजा भला, म्हणून भिक्षूला शरण गेला. काकांच्या ओळखीचे कोणी भिक्षू नव्हते. त्यांच्या ओळखी कर्जत लोकलच्या. तीस वर्षं एकाच डब्यात उभं राहून जमलेल्या. त्यातले एक अंबरनाथला उतरत, एक उल्हासनगरला.

अंबरनाथचे गृहस्थ ऑर्डनन्समध्ये टर्नर होते. २०२१ साली हे सगळे सरकारी आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले आणि पाट्या बदलल्या, पण अंबरनाथात अजून कोणी कंपनीचं नाव घेत नाही. ऑर्डनन्स ते ऑर्डनन्स. (नळी आणि रायफल यांचं उत्तर मला इथेच मिळायला हरकत नव्हती.) टर्नरसाहेबांनी रायफलीचं ऐकलं आणि एका वाक्यात निकाल दिला. "बॉडी म्हणजे रायफल. नळी म्हणजे टायर. झिजला की बदला. टायर बदलला म्हणून गाडी बदलते काय?"

"पण नळीशिवाय रायफलीत आहे काय?"

"आणि नळीत तरी काय आहे, सांगा. भोक. भोकाभोवती लोखंड." हे बोलताना त्यांचा चेहरा थेट नागसेनासारखा झाला होता. मग त्यांनी खरी धास्ती कशाची ते सांगितलं. नवी नळी शरीरात आट्यांवर बसते. ती बसल्यावर बोल्टाचं तोंड आणि काडतुसाची बूड यांच्यात नेमकी फट राहावी लागते. दोन गेज असतात. एकावर बोल्ट मिटलाच पाहिजे आणि दुसऱ्यावर मिटता कामा नये. हिशेब थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा. चुकला तर स्फोट होतो तो पुढे डुकरापाशी नाही, मागे गालापाशी. काकांच्या पुतण्याने "आपल्या ओळखीचा एक लेथवाला आहे, स्वस्तात नळी करून देईल" असं सुचवलं होतं. टर्नरसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा चहा अर्धा ठेवून उठला. शिवाय परवान्याविना बंदूक दुरुस्त करणं हा गुन्हा आहेच.

परत येताना काका शिवमंदिरात गेले. इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारांच्या काळातलं देऊळ. गाभारा खाली पायऱ्या उतरून, आणि वर शिखर नाही, आभाळ. गेल्या शंभर वर्षांत कोणालाही तिथे नवं शिखर बसवावंसं वाटलं असतं, आणि हौशी देणगीदारांची आपल्याकडे वाण नाही. पण पुरातत्त्व खात्याने जे नाही ते नाहीच ठेवलं. काका बराच वेळ वर बघत होते. "याला कोणी विचारत नाही, तू मूळचं का म्हणून," ते म्हणाले.

"कारण त्याने काही बदललेलं नाही."

"किंवा त्याला काही मारायचं नाही," असं म्हणून ते प्रदक्षिणेला गेले.

उल्हासनगरचं नाव निघालं की आपल्या तोंडी 'मेड इन यूएसए'चा विनोद येतोच. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. तो आपल्याला इतका आवडतो की हे गाव कशातून उभं राहिलं ते आठवायचं राहून जातं. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेली, लाखाच्या घरातली माणसं. आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव. आजही तिथले पत्ते कॅम्प नंबर आणि बराक नंबरने सांगतात. ज्या माणसांचं गाव, नदी, धंदा आणि शेजार एका फटक्यात बदलला, त्यांना आपण 'ओरिजिनल' आणि 'डुप्लिकेट' शिकवतो.

काकांचे स्नेही फर्निचरवाले. त्यांच्या दिवाणखान्यात मोठा रंगीत झोपाळा आहे, सिंधीत पींघो म्हणतात तो. "आमच्या दादाचा झूला," त्यांनी ओळख करून दिली.

"सिंधमधून आणला?"

"साईं, बोटीवर झूला कोण चढवू देतो? अंगावरच्या कपड्यात आले दादा. लकडी इथली, रंग इथला, कड्या इथल्या. दोनदा नवीन केला."

"मग दादांचा कसा?"

"आवाज ऐका." त्यांनी झोका दिला. कर्रर्र, आणि मग जरा थांबून एक बारीक कूं. "दादा सांगायचे, गावच्या झूल्याचा असा आवाज होता. सुताराला बसवून तीन दिवस आवाज काढून घेतला. सुतार बोलला, सेठ, तेल घालू? मी बोललो, हात तोडीन."

काकांचा चेहरा उजळला. झोपाळ्याचा एक खिळाही मूळचा नसताना तो दादांचा असेल, तर आपली अर्धी रायफल बाबांची का नाही? ते तसं बोलूनही दाखवणार होते, पण फर्निचरवाले पुढे म्हणाले, "फक्त एक आहे. झूला दाखवला की दादा का निघून आले ती गोष्टपण सांगावी लागते. पोरं कंटाळतात. पण फुकट नाही मिळत झूला."

हे वाक्य काकांनी ऐकलं नाही. मी ऐकलं, पण त्याचा उपयोग मला नंतर झाला.

कायद्याचं मत सगळ्यांत मजेदार निघालं. परवान्यावर नंबर असतो, नंबर शरीरावर ठोकलेला असतो. तो जुळला की कारकुनाच्या दृष्टीने रायफल तीच. थिसियसच्या जहाजाला नंबर असता तर अथेन्सचे विद्वान लवकर घरी गेले असते. पण काकांनी १९५९ चा शस्त्र कायदा आणून वाचला आणि हादरले. त्यातल्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच धरले आहेत! म्हणजे नळी काढली की उरलेलं शरीर ही बंदूक, आणि काढलेली नळी हीसुद्धा बंदूक. उपनिषदातलं पूर्ण ते हेच असावं. हॉब्जला तीनशे वर्षं उत्तर सापडलं नव्हतं, ते दिल्लीच्या मसुदाकाराने एका ओळीत दिलं. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका. "जुनी नळी आठवण म्हणून कपाटात ठेवली तर माझ्या नावावर किती?" काकांनी मला विचारलं. मी म्हटलं, जोखीम नको. जुनी नळी विक्रेत्याकडे रीतसर कागद करून देऊन टाकायची ठरली.

काम व्हायला सहा महिने लागले. दस्ता घासून त्याला जवसाचं तेल पाजलं, नवी नळी बसली, चाप हलका झाला आणि बंदुकीचा जुना घोडा तेवढा तसाच राहिला. बदलापूर हे नाव तिथे घोडे बदलत म्हणून पडलं असं सांगतात. काकांनी घोडा सोडून बाकीचं बदललं. आता ती बघायला माणसं येऊ लागली. काका सांगत, "नळी कोरी आहे. हिने आजवर चिमणीसुद्धा मारलेली नाही." पाहुणा मान डोलवी. मग काका भिंतीवरच्या फोटोकडे बोट करीत. फोटोत आजोबा, हातात रायफल, आणि एक पाय आडव्या पडलेल्या बिबट्यावर. "याच रायफलीने बाबांनी तो लोळवला."

तिसऱ्या की चौथ्या पाहुण्यापुढे काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत बाहेर आल्या.

"अहो, एक काय ते ठरवा. हिने काही मारलं नाही तर बिबट्या कोणी मारला?"

"अगं, तो जुन्या नळीने."

"मग जुन्या नळीचा फोटो लावा. मान या रायफलीचा आणि पाप त्या नळीचं? नळी बरी तुमची, बोलत नाही ती."

पाहुण्याने चप्पल शोधायला घेतली. काका असे हार जाणारे नव्हते. ते दोघं पुरीला जाऊन आलेले आहेत. "जगन्नाथाची लाकडी मूर्ती बदलतात की नाही? १९९६ साली बदलली, २०१५ साली बदलली. आतला ब्रह्मपदार्थ तेवढा नव्या मूर्तीत ठेवतात. देव बदलला का? तसं हे."

"बदलतात ना," काकू म्हणाल्या, "पण जुन्या मूर्तीला पुरतात. आणि तिथले सेवेकरी घरचं माणूस गेल्यासारखं सुतक पाळतात. भंगारात नाही देत. तुम्ही काय पाळलंत?"

मी हे ऐकत होतो आणि मला माझ्या शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवत होतं. आपल्या सर्वांच्याच घरात ही कोरी नळी आहे. पानिपतावर 'आपण' लढलो, अटकेपार 'आपण' गेलो. पण गावकुसाबाहेर माणसं ठेवली ती मात्र 'त्या काळी ठेवत असत'. पणजोबांनी विहीर बांधली म्हणताना 'आमच्या', आणि त्या विहिरीवर कोणाला पाणी भरू दिलं नाही म्हणताना 'तेव्हाचे लोक'. कर्ता बदलतो, क्रियापद बदलतं, घराणं मात्र तेच. नळी बदलायला काहीच हरकत नाही. ती गंजली तर बदललीच पाहिजे, नाहीतर एक दिवस आपल्याच गालापाशी फुटेल. टर्नरसाहेबांचं सगळं बरोबर आहे. पण टायर बदलला म्हणून त्या गाडीखाली पूर्वी कोणी आलंच नव्हतं, असं ते काही म्हणाले नव्हते. आणि फर्निचरवाल्यांनी तर झूल्याचा भाव आधीच सांगून ठेवला होता.

बिबट्याने तेव्हा काय केलं होतं, असं मी नंतर काकांना विचारलं. माणूस खाल्ला होता? गुरं मारली होती? काकांनी जरा विचार केला.

"काही नाही. दिसला."

आजोबा पाड्यावरून डुकरं मारून परत येत होते. बिबट्या बांधावर बसला होता. हे काकांनी पहिल्यांदाच सांगितलं, मला आणि बहुधा स्वतःलाही. मग बराच वेळ ते रायफलीच्या नळीवरून उगाच फडकं फिरवीत राहिले.

फोटो अजून भिंतीवर आहे. पाहुणे येतात, काका रायफल दाखवतात, नळी नवी आहे हे सांगतात, आणि मग बांधावर बसलेल्या बिबट्याचंही सांगतात. गोष्ट पूर्वीइतकी रंगत नाही. काही पाहुणे मध्येच मॅचचा स्कोअर विचारतात.

गेल्या सर्वपित्रीला मी त्यांच्याकडे जेवायला होतो. काकूंनी गच्चीवर आजोबांचं पान ठेवलं. शेजारी आणखी एक पान ठेवलं, तितकंच वाढलेलं, खीर आणि वड्यासकट. काका त्या दुसऱ्या पानाकडे बघत राहिले, पण कोणाचं म्हणून त्यांनी विचारलं नाही. बदलापुरात आता कावळेही कमी झालेत. अर्ध्या तासाने एक आला, कठड्यावर बसून दोन्ही पानांकडे मान वाकडी करून पाहिलं, आणि आधी दुसऱ्या पानातला वडा उचलला.

"आज त्याला भूक जास्त दिसते," काका म्हणाले आणि खाली पाटावर जाऊन बसले.